लंबक, मूग आणि आधीच छापलेला निष्कर्ष

माझ्या सातवीतल्या मुलीसाठी दिवाळीच्या सुट्टीत मी ऑनलाइन एक प्रयोगपेटी मागवली. झाकणावर ‘वैज्ञानिक पद्धतीच्या सात पायऱ्या, सहा प्रयोगांतून’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि खाली ‘मराठी माध्यमासाठी खास’ असा शिक्का होता. किंमत १,४९९ रुपये. पार्सल चौथ्या दिवशी घरी आले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच धर्तीच्या, जवळजवळ याच मांडणीच्या पेट्या सध्या बऱ्याच जण विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल असे वाटते. पेटी घरात येऊन आता दोन महिने झाले आहेत, सहापैकी पाच प्रयोग करून झाले आहेत आणि दोन प्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा केले आहेत, त्यामुळे केवळ खोका उघडून दिलेला हा अभिप्राय नाही.

आधी सामानाविषयी. मोजपात्र, दोन परीक्षानळ्या, भिंग, स्टॉपवॉच, लंबकासाठी लाकडी गोळा आणि लोखंडी दंडगोल, दोरा, टेबलाच्या कडेला लावायचा चिमटा, कापूस, मुगाची छोटी पुडी, हळद, खायचा सोडा, ६४ पानांची रंगीत कार्यपुस्तिका आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता, असा ऐवज आहे. भिंग काचेचे आहे, प्लॅस्टिकचे नाही, याचे विशेष कौतुक. चिमट्याचा स्क्रू मात्र तिसऱ्याच दिवशी आटे जाऊन निकामी झाला. तक्रार केल्यावर बदली चिमटा अकराव्या दिवशी आला. तोपर्यंत आम्ही लंबक खिडकीच्या गजाला बांधून काम भागवले. कापूस, हळद आणि सोडा या वस्तू कुठल्याही घरात असतात, तेव्हा त्या पेटीत घालून किंमत वाढवण्यापेक्षा एक कोनमापक दिला असता तर अधिक उपयोग झाला असता.

तक्त्यावर निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, नोंदी, विश्लेषण, निष्कर्ष अशा सात चौकटी बाणांनी जोडून एका सरळ रेषेत दाखवल्या आहेत. चौकटी योग्य आहेत, क्रमही शाळेत शिकवतात तोच आहे; परंतु सगळे बाण पुढेच जातात, एकही बाण मागे वळत नाही. ही त्रुटी मला पहिल्या दिवशी किरकोळ वाटली होती. लंबकाच्या प्रयोगापर्यंत पोहोचल्यावर ती तशी नाही हे कळले.

लंबकाच्या प्रयोगात पुस्तिकेने विचारलेला प्रश्न चांगला आहे: गोळ्याचे वजन वाढवले तर लंबकाला एक आंदोलन पूर्ण करायला जास्त वेळ लागेल का? मुलीने परिकल्पनेच्या चौकटीत ‘जड गोळा हळू हलेल’ असे लिहिले. पुस्तिकेच्या सूचनेप्रमाणे दोरा हुकापर्यंत ५० सेंटिमीटर ठेवला, गोळा थोडासा बाजूला ओढून सोडला आणि एका आंदोलनाचा वेळ तीनदा मोजला. लाकडी गोळ्यासाठी १.३१, १.५२ आणि १.४४ सेकंद आले. लोखंडी दंडगोलासाठी १.५०, १.३८ आणि १.५५. पान उलटले तर निष्कर्षाच्या चौकटीत करड्या अक्षरांत आधीच छापलेले होते: ‘वजन बदलले तरी आंदोलनाचा कालावधी बदलत नाही.’ विद्यार्थ्याने त्या करड्या अक्षरांवरून फक्त पेन फिरवायचे. बालवाडीत अ, आ, इ गिरवतात तसा हा निष्कर्ष गिरवायचा.

येथे माझा पहिला मोठा आक्षेप आहे आणि तो केवळ छपाईपुरता नाही. एका आंदोलनाला सुमारे दीड सेकंद लागत असताना बटण दाबणाऱ्या हाताचीच चूक एक-दोन दशांश सेकंदांची असते. एवढ्या डळमळीत मोजमापावरून ‘फरक पडत नाही’ असेही म्हणता येत नाही आणि ‘फरक पडतो’ असेही म्हणता येत नाही. प्रामाणिक उत्तर इतकेच आहे की या मोजणीतून काही ठरत नाही. पुस्तिकेत या उत्तरासाठी जागा नाही. यावरचा उपाय सोपा आणि जुना आहे: वीस आंदोलनांचा एकत्र वेळ घ्यायचा आणि त्याला विसाने भागायचे, म्हणजे हाताची चूकही विसाने भागली जाते. शिवाय गोळा सोडताना ‘एक’ न म्हणता ‘शून्य’ म्हणायचे. कारण सोडतानाच ‘एक’ म्हटले की ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने झालेली असतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झाले. या दोन ओळी पुस्तिकेत असत्या तर प्रयोगाची किंमत दुप्पट झाली असती.

वीस आंदोलने मोजू लागल्यावर आकडे एकदम सरळ झाले. लाकडी गोळ्यासाठी २८.७, २८.९, २८.८ सेकंद, लोखंडी दंडगोलासाठी २९.४, २९.६, २९.५. म्हणजे मोजणी सुधारल्याबरोबर पुस्तिकेचा निष्कर्ष चुकीचा ठरू लागला. जड दंडगोल खरोखरच हळू हलत होता आणि मुलीची परिकल्पना बरोबर दिसत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिने छापलेल्या ओळीकडे पाहिले आणि खोडरबर हातात घेऊन मला विचारले, “आई, २९.५ च्या जागी २८.८ लिहू का?”

या प्रश्नासाठी मी तिला दोष देत नाही. ज्या पुस्तिकेत उत्तर आधी छापलेले आहे, तिच्यात नोंदींचे काम उत्तराशी जुळणे एवढेच उरते. मी ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून हा फरक का येतो हे विचारले. पलीकडचा तरुण नम्र होता, त्याने ऑर्डर क्रमांक लिहून घेतला, दोन मिनिटे थांबायला लावले आणि मग म्हणाला, “मॅडम, पुस्तिकेत दिलंय तेच उत्तर लिहा, तेच करेक्ट आहे.” उत्तर बरोबरच होते, ही त्यातली गंमत. भौतिकशास्त्र पुस्तिकेच्याच बाजूने आहे: झोका लहान असेल तर कालावधी लंबकाच्या लांबीवर आणि गुरुत्वाकर्षणावर ठरतो, वजनावर नाही. मग आमचा पाऊण सेकंद आला कुठून?

उत्तराची दिशा आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी दाखवली. आमच्या जुन्या घरात लंबकाचे चावीचे घड्याळ होते आणि ते सांभाळणे हे त्यांचे काम असे. खिडकीशी चाललेली नातीची खटपट बराच वेळ बघून ते म्हणाले, “घड्याळ मागं पडायला लागलं की गोळ्याखालची चाकी फिरवून गोळा जरा वर घ्यायचो आम्ही. दोरा मोजून काय होतंय, गोळ्याचं पोट कुठं आहे ते बघ की.” तिने पट्टी लावली. लाकडी गोळा लहान होता. त्याचा मध्य हुकाच्या वरच्या टोकापासून दीड सेंटिमीटरवर, म्हणजे लंबकाची खरी लांबी ५१.५ सेंटिमीटर. लोखंडी दंडगोल सहा सेंटिमीटर उंच, वर एक सेंटिमीटरचा हूक. त्याचा मध्य चार सेंटिमीटर खाली, म्हणजे लांबी ५४. दोरा सारखाच होता, लंबक सारखे नव्हते. आपण फक्त वजन बदलतो आहोत असे पुस्तिका सांगत होती आणि त्याच वेळी लांबीही गुपचूप बदलत होती.

मग नवी परिकल्पना, नवा प्रयोग. दोन्ही वेळा दोरा असा आखूड केला की टांगण्याच्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर ५० सेंटिमीटर भरावेत. वीस आंदोलनांना लाकडी गोळ्याने २८.४ आणि लोखंडी दंडगोलाने २८.५ सेकंद घेतले. सूत्राने येणारा आकडा २८.४ च्या आसपासचाच आहे. मुलीने आपल्या साध्या वहीत लिहिले, ‘आधी लांबी हुकापर्यंत मोजली होती. चूक.’ या वाक्यासाठी सात चौकटींपैकी कुठल्याच चौकटीत जागा नव्हती. म्हणून तक्त्यावर निष्कर्षापासून प्रश्नाकडे जाणारा एक बाण तिने लाल स्केचपेनने काढला आहे. तक्ता त्या बाणासकट अजून भिंतीवर आहे.

या पेटीतून आम्हाला जे मिळाले त्यातले सर्वांत मोलाचे हे होते आणि ते पेटीच्या दोषामुळे मिळाले. याचे श्रेय कंपनीला द्यावे की नाही याबद्दल घरात दोन मते आहेत.

दुसरा विस्ताराने सांगण्याजोगा प्रयोग मुगाचा. येथे मात्र पुस्तिकेने एक गोष्ट फार चांगली केली आहे. प्रश्न नेहमीचाच आहे, रोपाच्या वाढीला प्रकाश लागतो का. पण त्याखाली लगेच विचारले आहे की ‘वाढ’ म्हणजे तुम्ही नेमके काय मोजणार? हा एकच प्रश्न विचारणारी पुस्तिका मी शाळकरी साहित्यात क्वचितच पाहिली आहे. मुलीने उंची असे लिहिले. पुडीतल्या दहा मुगांपैकी चार रुजलेच नाहीत, बहुधा जुने असावेत. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूग घेतले आणि प्रत्येक पेल्यात पाचाऐवजी दहा-दहा पेरले. पाच बियांपैकी दोन मेल्या तर उरलेल्या तिघांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हेही पुस्तिकेने सांगायला हवे होते.

सूचनेप्रमाणे एक पेला खिडकीत आणि दुसरा कपाटात ठेवायचा होता. पण खिडकीत प्रकाशच नव्हे तर उष्णताही जास्त, कापूसही लवकर वाळतो. मग फरक पडला तर तो प्रकाशाचा की उन्हाचा, हे कसे कळणार? लंबकाने पोळलेली मुलगी या वेळी स्वतःच सावध होती. तिने दोन्ही पेले एकाच खिडकीत शेजारी ठेवले आणि एकावर बुटांचा खोका पालथा घातला. खोक्याच्या आतही थोडा उबारा वाढत असणार, म्हणून ही मांडणीही निर्दोष नाही, परंतु पुस्तिकेपेक्षा नक्कीच बरी आहे.

सातव्या दिवशी खोका उचलला तेव्हा आतली रोपे सरासरी १४ सेंटिमीटर उंच, पांढुरकी-पिवळी, वाकलेली, पाने मिटलेली. बाहेरची जेमतेम ६ सेंटिमीटर, पण हिरवीगार आणि ताठ. उंची हेच वाढीचे माप मानले तर अंधार जिंकला. पुस्तिकेच्या मागच्या पानावर याचे स्पष्टीकरण आहे आणि ते बरोबर आहे: अंधारातले रोप बियांत साठवलेले अन्न खर्चून प्रकाशाच्या शोधात लांबत जाते, नवे अन्न तयार करत नाही. पण मग वजन मोजून पाहा, असे पुढचे पाऊल पुस्तिका सुचवत नाही. आम्ही दोन्हीकडची दहा-दहा रोपे मुळांसकट धुऊन, तीन दिवस वाळवून, ओळखीच्या सराफाकडे नेली, कारण घरच्या काट्यावर एक ग्रॅमच्या खाली काही दिसत नाही. सराफाने आधी संशयाने पाहिले आणि मग फार आस्थेने दोन्ही पुड्या तोलल्या: प्रकाशातली ०.४६ ग्रॅम, अंधारातली ०.३४ ग्रॅम. उंचीने जो निकाल दिला तो वजनाने उलटवला. एका पेटीतून यापेक्षा अधिक काय मागायचे?

उरलेल्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून तो लाल करणे आणि गाळणकागदावर स्केचपेनचे रंग पसरवणे ही छान प्रात्यक्षिके आहेत, पण ती प्रयोग नव्हेत. त्यांत काही बदलून पाहायचे नाही, काही मोजायचे नाही. सोडा आणि व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ तर केवळ फेस आहे. त्याऐवजी सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगर वाढवत जा आणि फुगा किती फुगतो ते मोजा, असे सांगितले असते तर त्याच सामानात खरा प्रयोग झाला असता. सहावा, सावलीच्या लांबीचा, अजून केलेला नाही.

आता भाषेविषयी, कारण ‘मराठी माध्यमासाठी खास’ म्हणून जास्तीचे पैसे घेतलेले आहेत. एका पानावर ‘परिकल्पना’, दुसऱ्यावर ‘गृहीतक’ आणि तिसऱ्यावर ‘गृहीत धरलेले उत्तर’ असे एकाच संज्ञेसाठी तीन शब्द आहेत. यातला ‘गृहीतक’ हा शब्द मुलांना भूमितीत वेगळ्या अर्थाने भेटतो; तेथे गृहीतक म्हणजे सिद्धतेशिवाय मान्य करायचे विधान, तर येथे ज्याची परीक्षा घ्यायची आणि प्रसंगी जे टाकून द्यायचे असे विधान अभिप्रेत आहे. हा गोंधळ साधा नाही, तो नेमका मर्मावर आहे. ‘नियंत्रण’ या शब्दाचेही तसेच: तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवलेला गट आणि प्रयोगभर बदलू न दिलेल्या गोष्टी, या दोहोंसाठी पुस्तिकेत ‘नियंत्रण’ हाच शब्द येतो. पहिल्याला ‘तुलनेचा गट’ म्हटले असते तर मुलांनी विचारलेच नसते.

पुस्तिकेत वैज्ञानिकांच्या गोष्टीही आहेत. त्यातली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांची अर्ध्या पानाची गोष्ट मी पुन्हा सांगितली, कारण छापलेल्या रूपात ती फार गुळगुळीत झाली आहे: डॉक्टरांनी हात धुवावेत असे त्यांना सुचले आणि मृत्यू थांबले, संपले. खरी गोष्ट हवी तितकी खडबडीत आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, होणारे मृत्यू पहिल्या विभागात कितीतरी जास्त होते. गर्दी हे कारण असावे म्हणावे तर दुसऱ्या विभागात गर्दी जास्त. मरणासन्न रुग्णाकडे घंटा वाजवत वॉर्डातून जाणाऱ्या पाद्र्याच्या धास्तीने बायका मरत असतील म्हणून त्याचा मार्ग आणि घंटा बदलून पाहिली; फरक नाही. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर झोपवून बाळंत करतात म्हणून पहिल्यातही तसे केले, फरक नाही. मग १८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात चाकू लागून वारले आणि त्यांची लक्षणे बाळंतिणींसारखीच होती. तेव्हा कुठे शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या हातांवर संशय गेला. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे मे महिन्यात सुरू झाले, एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आले. इतके होऊनही त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत सर्वत्र मान्य झाले नाही. १८६५ मध्ये ते वारले. मुलीला सर्वांत आवडला तो घंटेचा भाग, आणि पुस्तिकेने नेमका तोच गाळला आहे.

मराठी आवृत्तीत महाराष्ट्रातले एकही उदाहरण नाही, हेही खटकले. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची घेतलेली चाचणी तर या पेटीसाठी आयती होती. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका एकत्र करून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगायचे. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून ५० टक्के उत्तरे बरोबर यावीत. त्यांची सरासरी ४६ टक्के आली आणि सर्वाधिक गुण ४० पैकी २४ होते. प्रश्न स्पष्ट, उत्तर तपासता येण्याजोगे, संख्या पुरेशी, आणि केवळ योगायोगाने किती बरोबर येतील याचा हिशेब शेजारी मांडलेला. सातवीच्या मुलाला हे दोन पानांत सांगता येते; मी जेवताना सांगितले.

जाहिरातीत ही पेटी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी आणि राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी उपयुक्त आहे, असा दावा आहे. तो मला पटला नाही. दोन्हीकडे (भाभा स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर) मुलाने स्वतः प्रश्न शोधून प्रकल्प करणे अपेक्षित असते आणि ही पेटी प्रश्न आयता देते, उत्तरही. मोजण्याची सवय लावण्यापुरता तिचा उपयोग होईल.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे: एक भिंगासाठी, एक मुगाच्या प्रश्नासाठी आणि एक अनवधानाने वेगवेगळ्या उंचीचे दिलेल्या गोळ्यांसाठी. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी, आणि घरात शेजारी बसायला एखादे मोठे माणूस असेल तरच, पेटी घ्यायला हरकत नाही. घेतलीत तर प्रयोग सुरू करण्यापूर्वी निष्कर्षांच्या चौकटींवर कोरा कागद चिकटवा, नोंदींसाठी वेगळी दोनशे पानी वही द्या आणि मूग घरचेच वापरा. पुढच्या रविवारी आमच्याकडे झोका ६० अंशांपर्यंत मोठा केला तर वीस आंदोलनांना किती वेळ लागतो हे मोजायचे आहे. मुलीची परिकल्पना लिहून झाली आहे आणि ती मला वाचायला मनाई आहे. कोनमापक तिच्या कंपासपेटीतला घेणार आहोत.